आप्पासोनं घराचा विमा काढला

नदीकाठच्या एका गावात आप्पासो नावाचा एक भोळा माणूस राहत होता. लोक त्याला मूर्ख म्हणत. मी भोळा म्हणते, कारण मूर्ख माणूस सांगितलेलं ऐकत नाही आणि आप्पासो सगळं ऐकायचा. ऐकायचा आणि करायचा. जेवढं सांगितलं तेवढंच, जसं सांगितलं तसंच. "चुलीवरच्या दुधाकडं बघा" म्हटलं की दूध वर येईपर्यंत बघायचा, उतू गेलं तरी बघायचा, आणि पातेलं रिकामं झालं की "बघितलं" म्हणून सांगायचा.

गावाचं नाव मी सांगणार नाही. गावकरी भांडायला येतील आणि मला वेळ नाही.

आप्पासोची बायको गौराक्का. ही बाई शहाणी होती. एका घरात तेवढं शहाणपण पुरतं. घर मातीच्या भिंतींचं, वर कौलं, पाठीमागं नदी. त्या गावात पूर ओसरला की जो तो आपल्या भिंतीवर, पाणी जिथवर चढलं होतं तिथं, गेरूची रेघ मारतो. नवी सून घरात आली की तिला आधी देवघर दाखवत नाहीत, रेघ दाखवतात. आप्पासोच्या घरावरची रेघ त्याच्या गळ्याशी येत होती.

मागच्या पुरात त्यांची मागची भिंत गेली. ती गौराक्कानं एकटीनं उभी केली. माती तिनं तुडवली, गवत तिनं कालवलं, थरावर थर तिनं चढवले. आप्पासोला ती एकदा म्हणाली होती, "जरा भिंतीकडं या की." तो आला आणि भिंतीशेजारी बसून राहिला. घर मात्र आप्पासोच्या नावावर. भिंत बायकोनं बांधायची आणि कागदावर नाव नवऱ्याचं, हे असं का, ते मला विचारू नका. मी बोलायला लागले की गोष्ट राहून जाईल.

तर वैशाखात एक दिवस गौराक्का म्हणाली, "अवो, ऐका. पाऊस लागायच्या आत घराचा विमा काढायचा. पुराचा."

"म्हंजे काय?"

"आपण त्यांना दरसाल थोडं पैसं द्यायचं. पूर येऊन घर पडलं तर ते आपल्याला बांधायला पैसं देणार."

"ते कशाला देतील?"

"आपण देतोय म्हणून."

आप्पासोला हे लगेच पटलं.

"आता परत भिंत गेली तर मी बांधायची न्हाई," गौराक्का म्हणाली. "माझी कंबर ऱ्हायली न्हाई. ही शेवटची भिंत. तवा तालुक्याला जावा, साहेबांना विचारा, पैसं किती पडत्यात आणि कशावर ठरत्यात. आपली रेडी विकून जेवढं येईल तेवढ्यातच बसवायचं, न्हाईतर दुभती म्हैस विकाय लागंल. नीट समजून घ्या. आणि साहेब सांगतील तसं करा."

शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. पण बोलली. ती स्वतःच गेली असती, पण म्हैस तिच्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती.

आप्पासो तालुक्याला गेला. विम्याच्या कचेरीत हुपरीकर साहेब बसले होते. माणूस चांगला, पण बोलताना कागदातून मान वर काढत नसे.

"घर नदीपासून किती लांब?" साहेबांनी विचारलं.

"पाठीमागंच हाय नदी."

"मग हप्ता जास्त बसणार. सोपं आहे, आप्पासो. घर पाण्यापासून जितकं लांब, तितका हप्ता कमी."

"लांब केलं तर कमी हुईल?"

"होईल की," साहेब कागदाला म्हणाले.

आप्पासो घरी आला. त्यानं घराला खांदा लावून बघितला. घर हललं नाही. दुसऱ्या बाजूनं लावला. तिकडूनही हललं नाही. मग तो पायरीवर बसला आणि त्यानं विचार केला. घर पाण्यापासून लांब जात नसेल तर पाणी घरापासून लांब न्यावं. अंतर तेवढंच पडतं.

त्यानं आधी हंडा उचलला. मग कळशी. मग म्हशीच्या डोणीतलं पाणी बादल्यांनी उपसलं. रांजण उचलेना, तर तो तांब्यातांब्यानं रिकामा केला. सगळं पाणी गावाबाहेर माळावर नेऊन ठेवलं. शेवटी त्याच्या लक्षात आलं की आमटीतही निम्मं पाणीच असतं. मग आमटीही नेली.

भर उन्हात गौराक्का डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आली. घसा कोरडा पडलेला.

"पाणी द्या जरा."

"माळावर हाय."

"काय?"

"सगळं पाणी माळावर हाय. साहेबांनी सांगितलं तसंच केलं."

गौराक्कानं भारा टाकला आणि माळाची वाट धरली. परत आली तेव्हा हंडा डोक्यावर होता आणि आमटी नव्हती. कुत्र्यानं खाल्ली होती.

"साहेब नदीचं बोलत हुते," ती म्हणाली. "घरातल्या पाण्याचं न्हवं. नदी आपल्या घरात कुठवर चढली ते त्यांना बघायचं असतंय. त्यासाठी तर रेघ मारतोय आपण. उद्या जावा आणि रेघेचं विचारा."

आप्पासो गेला.

"रेघ आहे? छान," साहेब म्हणाले. "मागचा पूर किती चढला त्यावर आमचा हिशेब असतो. रेघ खाली असेल तर हप्ता कमी, वर असेल तर जास्त. मी उद्या येतो बघायला."

आता तुम्ही हसायला लागला असाल. थांबा, पुढं बरंच आहे.

आप्पासोनं घरी येऊन चुना कालवला. गळ्याशी असलेली रेघ पांढरी करून टाकली. मग गेरू घेतला, खाली वाकला आणि घोट्याशी नवी रेघ मारली. सरळ मारली, सुतळी धरून.

साहेब आले. आप्पासोच्या भिंतीला लागून शेजारच्या शिवगोंडाची भिंत. हा शिवगोंडा उसाचा शेतकरी, बोलायला तिखट, पण अडीनडीला धावणारा. तो आपल्या कट्ट्यावर तंबाखू मळत बसला होता. साहेबांनी ह्या भिंतीकडं बघितलं. त्या भिंतीकडं बघितलं.

"शिवगोंडाच्या भिंतीवर पाणी गळ्याशी," साहेब म्हणाले. "तुमच्या भिंतीवर घोट्याशी. मध्ये वीतभर जागा नाही. पाणी तुमचं दार बघून खाली बसलं काय?"

"न्हाई साहेब. मी बसवलं. काल."

"काल?"

"तुम्हीच म्हणालासा, रेघ खाली असली की पैसं कमी. अजून खाली घेणार हुतो. पण खाली जमीन लागली."

शिवगोंडाची तंबाखू सांडली.

साहेबांनी आप्पासोला गेरू घ्यायला लावला आणि रेघ होती तिथं परत मारायला लावली. मग म्हणाले, "विम्यात लपवाछपवी चालत नाही, आप्पासो. मागं काय काय झालं ते सगळं आपण होऊन सांगायचं. एक गोष्ट लपवली आणि नंतर उघडी पडली, तर एक पैसा मिळत नाही."

"सगळं सांगायचं?"

"सगळं."

"कुणी विचारलं न्हाई तरी?"

"तरी."

आप्पासोनं हे मनात पक्कं धरलं. तसं त्याच्या मनात जागा भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी शिवगोंडा रेडी बघायला आला. रेडी काळीभोर, अंगानं भरलेली. शिवगोंडानं तिच्या पाठीवरनं हात फिरवला, दात बघितले, आणि मनासारखी किंमत बोलला. गौराक्का शेण काढत होती. तिला बरं वाटलं. ती शेणाची पाटी टाकायला उकिरड्यावर गेली. तेवढ्यात आप्पासो म्हणाला, "शिवगोंडा, मला सगळं सांगाय पायजे."

"काय सगळं?"

"हिची आजी विहिरीत पडून मेली. मुद्दाम पडली म्हणत्यात, मी न्हवतो तिथं."

"आजीशी मला काय करायचंय?"

"हिला ऊस लई आवडतोय."

"जनावर हाय. आवडणारच."

"तुझाच आवडतोय. मागं बांधाकडंच्या दोन सऱ्या गेल्या तुझ्या. तू रानडुकरं म्हणून राखणीला बसलास. ती डुकरं न्हवती."

शिवगोंडाचा हात रेडीच्या पाठीवरच थांबला.

"आणि दिवाळीत वहिनींचं हिरवं लुगडं दोरीवरनं गेलं," आप्पासो सांगत होता. "तू आमच्या बायकोवर संशय घेतलास. ती न्हवती. हीच. काठ पण खाल्लं."

गौराक्का पाटी घेऊन परत आली तेव्हा शिवगोंडा बोटांवर उसाच्या सऱ्या आणि लुगडं वजा करत होता. त्यानं रेडी घेतली, पण पहिल्या बोलीच्या निम्म्यात. गौराक्काला घासाघीस करता येईना. ऊस खाल्लेला होता. लुगडंही खाल्लेलं होतं.

शिवगोंडा रेडी घेऊन गेल्यावर ती म्हणाली, "असं का केलासा?"

"साहेबांनी सांगितलं तसंच केलं. न विचारता सगळं सांगितलं."

"ते विम्याला. सौदा करताना वाईट बोलायचं नसतंय हो. चांगलं तेवढं बोलायचं. समोरच्याला घ्यावंसं वाटलं पायजे."

"चांगलं तेवढं," आप्पासो म्हणाला, आणि तालुक्याला निघाला.

हुपरीकर साहेब अर्ज भरत होते. "पुरात काय काय नुकसान होतं तुमचं?"

"न्हाई साहेब. पूर चांगला हाय."

साहेबांनी लिहिणं थांबवलं.

"शांत हाय," आप्पासो म्हणाला. "त्रास देत न्हाई. मासं घरात येत्यात, जाळं लागत न्हाई. गाळ बसतोय त्यामुळं जमीन सारवाय लागत न्हाई. भांडी तरंगत दारात येत्यात, दुसऱ्याची पण येत्यात. मागच्या साली एक पितळी तांब्या आला."

"भिंत पडली होती ना तुमची?"

"वारं झकास येत हुतं."

साहेबांनी कागदातून पहिल्यांदा मान वर केली. "मग तुम्हाला विमा कशाला पाहिजे?"

"मला कुठं पायजे? बायकोला पायजे."

साहेबांनी अर्ज टराटरा फाडला आणि त्याला घरी जायला सांगितलं. आप्पासो घरी गेला. तेवढं मात्र त्यानं बरोबर केलं.

आता आभाळात ढग दिसायला लागले होते. साहेबांनी आधीच बजावलं होतं की आज पैसे भरले आणि उद्या विमा लागू झाला असं होत नाही, मध्ये काही दिवस जावे लागतात, नदी चढल्यावर धावत येऊ नका. गौराक्का दिवस मोजायला लागली. ती रोज त्या मागच्या भिंतीवरनं हात फिरवायची.

तिनं नवऱ्याला समोर बसवलं. "नुकसान होतंय असं म्हणायचं. भिंत पडती. धान्य सडतं. एवढंच. आणि आमच्याकडं पैसं कमी हाईत, स्वस्तात बसवायला काय करायचं, ते विचारायचं."

आप्पासोनं सगळं अगदी तसंच म्हटलं. साहेब खूश झाले.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "नुकसान झालं की पहिलं थोडं तुम्ही सोसायचं, त्याच्या वरचं आम्ही देणार. तुमचा पहिला वाटा जितका मोठा, तितका हप्ता कमी."

"पहिलं नुकसान माझं. पुढचं तुमचं."

"बरोबर. आता कळलं तुम्हाला."

कुणालाही "आता कळलं तुम्हाला" म्हणून कचेरीबाहेर सोडू नये. सगळा घोळ त्यानंतर सुरू होतो.

गौराक्का दुधाच्या डेअरीवर गेली होती. आप्पासोनं घरात येऊन आधी रांजण फोडला. मग मडकी फोडली, एकावर एक रचलेली, वरून खाली क्रमानं. खाटेचा एक पाय करवतीनं कापला. चुलीवरची कौलं काढून अंगणात आपटली. ज्वारीच्या कणगीत बादलीभर पाणी ओतलं आणि हातानं कालवलं, म्हणजे सगळीकडं सारखं सडेल. मागच्या भिंतीला मात्र त्यानं धक्काही लावला नाही. ती साहेबांच्या वाट्याची होती.

गौराक्का दारात उभी राहिली. हातातली बरणी तिनं हळूच खाली ठेवली.

"कुणी केलं हे?"

"मीच. पहिलं नुकसान आपण सोसायचं ठरलंय. पाऊस कशाला तोंडावर ठेवायचा? आपल्या वाट्याचं उरकून टाकलं. आता काय पडलं तर साहेबांचं."

गौराक्का फुटक्या मडक्यांतून वाट काढत आत आली. ती तीन पायांच्या खाटेवर बसली, खाट कलंडली, ती उठली. मग तिनं एका हातात म्हशीचं दावं धरलं, दुसऱ्या हातात नवऱ्याचं मनगट, आणि दोघांना घेऊन तालुक्याला निघाली. म्हैस कचेरीच्या खांबाला बांधली. नवऱ्याला म्हणाली, "तोंड उघडायचं न्हाई. मी सांगीन तिथं सही करायची."

आत जाऊन ती साहेबांसमोर बसली आणि तिनं एकेक गोष्ट विचारली. अंतराचं काय, रेघेचं काय, घराचं जोतं हातभर उंच केलं तर किती कमी होईल, मातीच्या भिंतीला किती आणि विटेच्या भिंतीला किती. साहेब उत्तरं देत गेले. पहिला वाटा आपल्याकडं ठेवला तर कमी झालेला हप्ता रेडीच्या पैशात बसत होता. जेमतेम, पण बसत होता.

"आणि वर्षात पूर आलाच न्हाई तर?" तिनं विचारलं.

"तर हप्ता परत मिळत नाही. पुष्कळ घरांचे हप्ते एका ठिकाणी जमतात आणि ज्याचं घर पडेल त्याला त्यातून देतात."

गौराक्कानं थोडा विचार केला. "म्हंजे भिशीच की. फकस्त आपला नंबर लागू नये म्हणून देवाला हात जोडायची भिशी."

साहेब म्हणाले, इतकी वर्षं ते हे लोकांना समजावत होते, पण असं त्यांना सांगता आलं नव्हतं. सांगता कसं येईल? कधी भिशी लावली असती तर ना.

"अजून एक," साहेब म्हणाले. "सामानाचाही विमा आहे यात. पण घरात असेल त्याचाच. अंगणात पडलेलं धरत नाही."

आप्पासोनं सही केली. साहेबांनी त्याला "काय आप्पासो, झालं ना मनासारखं?" म्हणून विचारलं. आप्पासो बोलला नाही. घरी आल्यावर गौराक्कानं भाकरी वाढली. आप्पासोनं खाल्ली नाही. सकाळीही खाल्ली नाही. मग तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, "उघडा आता तोंड."

"पूर न्हाई आला तर रेडी गेली?" आप्पासोनं विचारलं. एवढा वेळ त्यानं हेच धरून ठेवलं होतं.

"रेडी गेली. पण घर ऱ्हायलं."

आप्पासोला हे काही पटलं नाही. चांगली रेडी होती. फुकट जायची म्हणजे काय?

पाऊस लागला. विमा तोवर लागू झाला होता. आषाढात नदी चढली, घाटाच्या वरच्या पायरीला टेकली, सगळं गाव काठावर उभं राहिलं. बायकांनी नदीची खणानारळानं ओटी भरली. नदी पायरीवर दोन दिवस बसली आणि गुमान उतरली. गावात कुणाच्या उंबऱ्यालाही पाणी लागलं नाही. लोकांनी एकमेकांना गूळ वाटला. एकटा आप्पासो गूळ हातात धरून उतरत्या पाण्याकडं बघत होता, गाडी चुकलेल्या माणसासारखा.

श्रावणात उघडीप पडली. नागपंचमी आली. गौराक्का लग्न झाल्यापासून पंचमीला कधी माहेरी गेली नव्हती. पावसाळ्यात हे घर सोडून जायचं कसं, हा घोर असायचा. ह्या वर्षी पहिल्यांदा ती म्हणाली, "जाऊन येते. विमा हाय आता. झोका खेळीन, भाऊ-भावजयीला भेटीन." म्हैस बरोबरच नेली, कारण पान्ह्याचा प्रश्न होताच. निघताना तिनं कौतुकानं त्या मागच्या भिंतीवर एक थाप मारली आणि नवऱ्याला म्हणाली, "घराकडं बघा. विम्याचं ध्यानात ठेवा."

आप्पासो घराकडं बघत बसला. आणि विम्याचं ध्यानात ठेवत बसला. पूर आला तर पैसे. नाही आला तर रेडी गेली. घरात असेल त्याचेच पैसे. अंगणातल्याचे नाहीत.

मग तो शिवगोंडाकडं गेला. पाणी उतरल्यावर शिवगोंडानं आपली मोटर परत नदीवर बसवली होती.

"मोटर देतोस का आजच्या दिवस? घराकडं जरा पाणी घ्यायचंय."

शिवगोंडाला वाटलं, परसातल्या भाजीला. "घे की."

आप्पासोनं आधी अंगणातलं सगळं सामान घरात नेलं. नांगर नेला. शेणी नेल्या. जळण नेलं, वाळत घातलेल्या मिरच्या नेल्या, गौराक्काचं दोरीवरचं चांगलं लुगडंही नेलं. उगाच बाहेर राहून नुकसान नको. दाराच्या फटीत माती लिंपली. मग रेघेच्या वर असलेल्या खिडकीतून पाइप आत सोडला आणि मोटर चालू केली.

पाणी चढायला लागलं. आप्पासो खिडकीबाहेर उभा राहून आत बघत होता. चूल बुडाली. खाट तरंगली. आप्पासो मध्ये मध्ये भिंतीवरच्या रेघेशी पाणी ताडून बघत होता. लबाडी त्याला करायची नव्हती. साहेब म्हणाले होते, लपवाछपवी चालत नाही. पाणी बरोबर रेघेला टेकलं, तेव्हा त्यानं मोटर बंद केली. एक बोट जास्त होऊ दिलं नाही.

तेवढ्यात मागची भिंत गेली.

आप्पासोनं हात पुसले आणि साहेबांना आणायला तालुक्याला गेला.

साहेब आले ते फटफटीवरून, आप्पासोला मागं बसवून, रस्त्यावरची धूळ उडवत. सगळं गाव कोरडं ठणठणीत. पोरं विटीदांडू खेळत होती. मध्ये एक घर निथळत होतं. शिवगोंडा कट्ट्यावर उभा होता, तंबाखू मळायची विसरून. आणि त्याच वेळी दुसऱ्या वाटेनं गौराक्का म्हैस घेऊन आली, हातात भावजयीनं दिलेल्या लाह्यांची पुरचुंडी. तिनं पुढचं दार ढकललं. दारातून थेट नदी दिसत होती. ती तिथंच पायरीवर बसली. लाह्या मांडीवर तशाच राहिल्या.

"पूर कुठं आलाय?" साहेबांनी विचारलं.

"हा काय," आप्पासो म्हणाला.

"अहो, गावात कुठं आलाय?"

"गावात कशाला येईल, साहेब? गावानं हप्ता भरलाय का? भरलाय आम्ही. आमच्याच घरी आणलाय."

"आणलाय?"

"आपण होऊन येत न्हवता. पायरीपातूर आला आणि माघारी गेला. मग मी मोटर लावली. रेघ बघून घ्या, बरोबर भरलाय. आमच्या वाट्याचं आम्ही उन्हाळ्यातच फोडलंय. ही भिंत तुमची."

साहेबांनी रेघ बघितली, खिडकीतला पाइप बघितला. मग ते गौराक्काकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, पूर आपला आपण आला तर पैसे मिळतात. ज्याचा विमा आहे त्यानंच आणला, तर नाही मिळत."

गौराक्कानं पदरानं डोळे पुसले. ती पडलेल्या भिंतीच्या मातीकडं बघत होती.

आप्पासो तिच्याजवळ गेला. बायकोला असं बसलेलं त्याला बघवेना. तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला आणि साहेब काय म्हणाले ते त्यानं नीट समजून घेतलं. ह्या वेळी खरोखरच समजून घेतलं. मग तो तिची समजूत काढत म्हणाला, "रडू नकोस. चूक ध्यानात आली माझ्या. पुढच्या साली शिवगोंडाला आणाय लावतो."